नॉर्स पुराणकथा, बालकांची अद्भुतकादंबरी आणि आळंदीचा कथावारसा : एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

बालसाहित्याचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा बोधकथा, नियतकालिके आणि पाठ्यपुस्तके यांचा मागोवा घेतला जातो. अद्भुतकथेचा विचार त्या मानाने उपेक्षित राहतो. एखाद्या समाजाची पुराणकथा त्या समाजातील मुलांच्या कल्पितकथेत कशी उतरते, कोणत्या परिस्थितीत उतरते आणि कोणत्या परिस्थितीत उतरत नाही, हा प्रश्न साहित्याइतकाच इतिहासाचाही आहे. युरोपातील प्राचीन स्कँडिनेव्हियन, म्हणजेच नॉर्स, पुराणकथांवर आधारलेली बालकादंबरी हे या प्रक्रियेचे ठळक उदाहरण होय. ओडिन, थॉर, लोकी ही नावे आज पिंपरी-चिंचवड परिसरातील इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनाही पुस्तकांतून आणि चित्रपटांतून परिचित झाली आहेत. याच परिसराला लागून इंद्रायणीकाठी आळंदी आहे. भिंत चालविणे, रेड्यामुखी वेद वदविणे, पाठीवर मांडे भाजणे, वाघावर बसून येणारा चांगदेव अशा अद्भुत प्रसंगांचा मोठा संचय या गावाच्या नावाशी निगडित आहे. असे असूनही या संचयातून मुलांसाठी स्वतंत्र अद्भुतकादंबरीची परंपरा उभी राहिली नाही.

प्रस्तुत लेखात पुढील तीन प्रश्नांचा विचार केला आहे. नॉर्स पुराणकथा बालकादंबरीपर्यंत कोणत्या मार्गाने आली? महाराष्ट्राचा या पुराणकथेशी पूर्वी कोणता संबंध आला होता? आणि आळंदीच्या कथांचा प्रवास निराळ्या दिशेने का झाला? पुराणकथेचे पुढील भवितव्य तिच्या अंगभूत अद्भुततेवर अवलंबून नसून ती कोणत्या हेतूने लिहून ठेवली गेली आणि कोणत्या संस्थेने ती वाहून नेली यावर अवलंबून असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

एकाच शतकातील दोन ग्रंथव्यवहार

नॉर्स पुराणकथांचे आपले ज्ञान मुख्यतः आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या दोन ग्रंथांवर आधारलेले आहे. पहिला ग्रंथ स्नोरी स्टुर्लुसन (११७९–१२४१) याने इ. स. १२२० च्या सुमारास रचलेला गद्य ‘एड्डा’ होय. दुसरा म्हणजे प्राचीन देवकाव्यांचा व वीरकाव्यांचा संग्रह, पद्य ‘एड्डा’. त्याचे प्रमुख हस्तलिखित ‘कोडेक्स रेगियस’ या नावाने ओळखले जाते व ते साधारणतः १२७० च्या दशकातील मानले जाते. परंपरेनुसार ज्ञानेश्वरांचा जन्म शके ११९७ मधील, म्हणजे इ. स. १२७५ चा, ‘ज्ञानेश्वरी’ची रचना शके १२१२ मधील, म्हणजे इ. स. १२९० ची, आणि आळंदी येथील समाधी शके १२१८ मधील, म्हणजे इ. स. १२९६ ची. परस्परांची वार्ताही नसलेल्या दोन प्रदेशांत एकाच शतकात लोकभाषेला ग्रंथभाषेची प्रतिष्ठा देण्याचे कार्य चालू होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

साम्य एवढ्यावरच संपते. आइसलँडने इ. स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. म्हणजे स्नोरी लिहीत होता तेव्हा ओडिन-थॉर यांची उपासना थांबून दोन शतके लोटली होती. स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता. ग्रंथाच्या आरंभी त्याने हे देव मूळचे ट्रॉयकडून आलेले पराक्रमी पुरुष होते, असे स्पष्टीकरण दिले आहे. मग त्याने या कथा का लिहिल्या? जुन्या काव्यातील सांकेतिक शब्दयोजना देवकथा ठाऊक असल्याखेरीज उमगत नसे, आणि तरुण कवींना ती कला अवगत व्हावी हा त्याचा हेतू होता. थोडक्यात, ‘एड्डा’ हा धर्मग्रंथ नसून कवींसाठी सिद्ध केलेला काव्यशास्त्राचा ग्रंथ आहे. त्यातील देव श्रद्धेचा विषय राहिले नव्हते. ते काव्याची सामग्री बनले होते.

‘ज्ञानेश्वरी’चा हेतू याच्या उलट आहे. ती उपदेशासाठी, श्रवणासाठी आणि साधनेसाठी आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी तिची पाठशुद्धी केली ती पाठ भ्रष्ट होऊ नये म्हणून. ज्या परंपरेत पाठशुद्धी हे पुण्यकर्म मानले जाते, त्या परंपरेत कथेत मनाजोगा फेरफार करण्याची मुभा लेखकाला सहज मिळत नाही.

हस्तलिखितांचा पुढचा इतिहासही बोलका आहे. ‘कोडेक्स रेगियस’ १६४३ मध्ये बिशप ब्रिन्योल्फुर स्वेन्सन यांच्या हाती आले आणि पुढे डेन्मार्कच्या राजाकडे गेले. २१ एप्रिल १९७१ रोजी ते जहाजाने रेक्याविकला परत आले, तेव्हा बंदरावर मोठा जनसमुदाय लोटला होता. पोथीचे असे स्वागत वारकऱ्यांच्या प्रदेशात कोणालाही अपरिचित वाटणार नाही. मात्र त्या समुदायाने देवाचे स्वागत केले नाही. राष्ट्राच्या सांस्कृतिक ठेव्याचे स्वागत केले.

पुराणकथेपासून बालकादंबरीपर्यंत

श्रद्धेतून मुक्त झालेल्या या सामग्रीचा बालसाहित्यातील वापर टप्प्याटप्प्याने बदलत गेला. पहिला टप्पा कथनाचा होता. अ‍ॅनी आणि एलायझा कीअरी या भगिनींचे ‘द हीरोज ऑफ अ‍ॅसगार्ड’ १८५७ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झाले. पॅड्रिक कोलम यांचे ‘द चिल्ड्रेन ऑफ ओडिन’ १९२० चे आहे. या पुस्तकांत मूळ कथा मुलांच्या भाषेत सांगितलेल्या आहेत. नवे कथानक रचलेले नाही.

दुसऱ्या टप्प्यात पुराणकथेतील नावे, प्राणी व प्रतिमा घेऊन स्वतंत्र जग उभारले गेले. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’ (१९३७) मधील बुटक्यांची बहुतेक नावे, इतकेच नव्हे तर गँडाल्फ हे नावही, पद्य ‘एड्डा’तील ‘व्होलुस्पा’ या काव्यातल्या नामावलीतून आलेले आहे. टॉल्किन हे प्राचीन भाषांचे अध्यापक होते. कवींसाठी जपलेली सामग्री सात शतकांनंतर पुन्हा एका रचनाकाराच्याच उपयोगी पडली, हे येथे दिसते.

तिसरा टप्पा आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. या टप्प्यात पुराणकथा वर्तमानातील, ओळखीच्या गावात आणली गेली. अ‍ॅलन गार्नर यांची ‘द वीअर्डस्टोन ऑफ ब्रिसिंगामेन’ ही कादंबरी १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. मँचेस्टर या औद्योगिक नगराच्या दक्षिणेस असलेल्या अ‍ॅल्डर्ली एज या टेकडीवर ती घडते. टेकडीखाली एका जादूगाराच्या पहाऱ्यात निद्रिस्त योद्धे आहेत, अशी तेथील स्थानिक आख्यायिका आहे. गार्नर यांनी ती आख्यायिका आणि नॉर्स कथांतील नावे व संकल्पना एकत्र गुंफल्या. त्यांचे कुटुंब पिढ्यान् पिढ्या याच परिसरात राहिलेले होते. टेकडी, खाणी, पायवाटा सर्व खऱ्या आहेत. कारखान्यांच्या शेजारचे गाव हे अद्भुताचे ठिकाण होऊ शकते, हे या कादंबरीने दाखवून दिले.

डायना विन जोन्स यांच्या ‘एट डेज ऑफ ल्यूक’ (१९७५) या कादंबरीत नातेवाइकांच्या घरी दुर्लक्षित जिणे जगणाऱ्या डेव्हिड या पोरक्या मुलाला ल्यूक नावाचा मुलगा भेटतो. तो प्रत्यक्षात लोकी असतो. पुढे ज्या त्या वारी त्या त्या वाराचा देव डेव्हिडच्या भेटीस येतो. नील गेमन यांच्या ‘ऑड अँड द फ्रॉस्ट जायंट्स’ (२००८) चा नायक पायाने अधू आहे व त्याचे वडील हयात नाहीत. तो हिमदैत्याला शस्त्राने न जिंकता बोलण्याने वळवितो. रिक रायर्डन यांच्या ‘मॅग्नस चेस’ मालिकेतील (२०१५–२०१७) नायक बॉस्टनच्या रस्त्यावर राहणारा बेघर मुलगा आहे. या तीनही लेखकांनी देवांच्या सभेत एक निराधार मूल आणून उभे केले. मूळ पुराणकथेत असे मूल मध्यवर्ती नाही. ही बालकादंबरीने घातलेली भर आहे आणि या वाङ्मयप्रकाराचे मर्म तीतच आहे.

महाराष्ट्राचा नॉर्स कथांशी परिचय

नॉर्स पुराणकथा महाराष्ट्रात चित्रपटांबरोबर प्रथम आली, असे समजणे बरोबर नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये पुण्यात प्रसिद्ध केलेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या इंग्रजी ग्रंथात तौलनिक पुराणकथांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात बाल्डरची कथा, देवांच्या संधिप्रकाशाची कल्पना आणि महासर्पाला मारल्यावर थॉरने टाकलेली नऊ पावले यांचा विचार त्यांनी केला आहे. दीर्घ रात्र व मर्यादित महिन्यांचा सूर्यप्रकाश यांची स्मृती या कथांत उरली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आर्यांच्या उत्तरध्रुवीय मूलस्थानाचा हा सिद्धान्त आजच्या विद्वानांना मान्य नाही. शिवाय पुराणकथांतील साम्यावरून वंशैक्याकडे उडी घेण्याचे दुष्परिणाम विसाव्या शतकात जर्मनीत जगाने पाहिले. तेथे याच नॉर्स कथांचा वंशवादासाठी गैरवापर झाला. तथापि आळंदीपासून दिवसभराच्या चालीवर असलेल्या पुण्यात सव्वाशे वर्षांपूर्वी थॉर आणि बाल्डर यांची गंभीर चर्चा झाली होती, ही नोंद महत्त्वाची आहे. ती चर्चा इंग्रजीत आणि विद्वानांपुरती राहिली. तीतून मराठी मुलांसाठी कथा जन्मली नाही.

दुसरा परिचय अगदी नित्याचा, पण नकळत होणारा आहे. इंग्रजी वारांपैकी मंगळवार, बुधवार, गुरुवार व शुक्रवार यांची नावे अनुक्रमे टिर, ओडिन, थॉर आणि फ्रिग या देवतांवरून पडलेली आहेत. मूळ रोमन ग्रहवारांतील मंगळ, बुध, गुरू व शुक्र यांच्या जागी जर्मानिक लोकांनी आपापल्या देवता बसविल्या. ग्रहांवर आधारलेला हाच सप्ताह भारतातही रूढ झाल्याने आपला गुरुवार आणि थॉरचा वार एकच ठरतो. वज्रधारी इंद्राने वृत्राला मारणे आणि हातोडाधारी थॉरने महासर्पाशी झुंजणे यांतील साम्यही अभ्यासकांनी वेळोवेळी दाखविले आहे. वर्गात हे सांगितल्यास परकी वाटणारी पुराणकथा विद्यार्थ्यांना एकदम जवळची वाटेल.

भाषांतराच्या मार्गानेही काही कार्य झाले आहे. २०१० नंतरच्या दशकात पुण्यातील डायमंड पब्लिकेशन्सने मीना किणीकर यांनी केलेला ‘हॉबिट’चा आणि मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने केलेला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मराठी अनुवाद प्रसिद्ध केला. म्हणजे ‘एड्डा’तील नामावली टॉल्किनमार्फत मराठीत पोहोचली आहे.

आळंदीच्या कथा आणि त्यांचे वाहक

आता आळंदीकडे वळू. ज्ञानेश्वरादी भावंडांच्या चरित्राचे जुने साधन म्हणजे नामदेवांचे ‘आदि’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधी’ या प्रकरणांतील अभंग होत. त्यानंतर महिपतींनी (१७१५–१७९०) ‘भक्तविजय’ या शके १६८४, म्हणजे इ. स. १७६२ मधील ग्रंथात संतांच्या कथा ओवीबद्ध केल्या. आज घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या संतकथांच्या घडणीत महिपतींचा वाटा मोठा आहे. या कथांचा खरा वाहक मात्र कीर्तन होते. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान सांगताना कीर्तनकार प्रसंग खुलवितो, संवाद रचतो, समोर बसलेल्या मुलांना हसवितो. अर्थात कल्पनेला वाव नव्हता असे नाही. तो मौखिक सादरीकरणात होता, लिखित कादंबरीत नव्हता. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदी येथे स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेमुळे या मौखिक परंपरेला शैक्षणिक आधारही लाभला. नॉर्स कथांना असा जिवंत वाहक उरलेला नव्हता. म्हणूनच त्यांना छापील कादंबरीत नवे घर शोधावे लागले.

मुद्रणाच्या व चित्रपटाच्या काळात आळंदीच्या कथांचे माध्यम पालटले. व्ही. दामले आणि एस. फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभात कंपनीचा ‘संत ज्ञानेश्वर’ हा चित्रपट १९४० मध्ये आला. शाहू मोडक त्यात ज्ञानेश्वरांच्या भूमिकेत होते. भिंत चालण्यासारखे प्रसंग त्यात छायाचित्रणाच्या क्लृप्त्यांनी साकार केले होते. अनेक पिढ्यांच्या मनातील आळंदीचे अद्भुत चित्र या पडद्याने घडविले. परंतु चित्रपटानेही प्रसंग दाखविला. नवी कथा रचली नाही. गो. नी. दांडेकर यांची ‘मोगरा फुलला’ ही कादंबरी ज्ञानेश्वरांच्या जीवनावर आहे. तीही चरित्रात्मक आहे.

मराठी बालसाहित्यातील अद्भुत

मराठी बालसाहित्याला अद्भुताचे वावडे होते, असेही म्हणता येत नाही. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या १८२८ मधील ‘बाळमित्र’ व ‘इसपनीतिकथा’ यांनी बोधकथेची वाट पाडली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी १८६१ पासून ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणल्या आणि अद्भुताचे दालन उघडले. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ (१८८१) आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ (१९०६) या मासिकांनी वाचकवर्ग घडविला. १९५२ पासून ‘चांदोबा’ने राक्षस, विक्रम आणि वेताळ घरोघरी नेले, ते मासिक आता बंद पडले आहे. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघू लागले. सुधा करमरकर यांच्या लिटल थिएटरने १९५९ मध्ये रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले आणि पुढे मतकरींच्या बालनाट्यांनी चेटकिणी व राक्षस यांना मराठी रूप दिले. विंदा करंदीकरांच्या ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) मध्ये तर स्वतंत्र कल्पित देशच अवतरला.

या सर्व परंपरेत एक विभागणी स्पष्ट दिसते. अद्भुत कल्पना करावयाची तर ती अरबी कथेच्या, राजा-राणीच्या किंवा निनावी राज्याच्या प्रदेशात. आणि संतांच्या कथा सांगावयाच्या तर त्या चरित्र व संस्कार म्हणून. पहिल्या प्रदेशाला भूगोल नाही. दुसऱ्याला भूगोल आहे, पण त्यात कल्पनेला मज्जाव आहे. अ‍ॅल्डर्ली एजसारखे खरे गाव आणि स्वतंत्र कथानक यांचा संयोग त्यामुळे घडू शकला नाही.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागेल. जिवंत श्रद्धा असली की कल्पितकथा अशक्यच ठरते, असे म्हणावे काय? तसे नाही. रोशनी चोक्शी यांनी ‘अरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’ (२०१८) या इंग्रजी बालकादंबरीत महाभारतातील सामग्री मोकळेपणाने वापरली आहे. महाभारताच्या पुनर्रचनेची परंपरा मुळातच फार जुनी आहे. आख्यानकवींपासून नाटककारांपर्यंत सर्वांनी त्यात भर घातली. संतांची गोष्ट निराळी आहे. ते ऐतिहासिक पुरुष आहेत, त्यांची समाधी समोर आहे आणि लाखो वारकऱ्यांचे त्यांच्याशी माउली म्हणून नाते आहे. तेव्हा लेखकांचा संकोच हा केवळ भित्रेपणा नसून त्यामागे आदरही आहे. हा आदर राखून काय करता येईल, हा खरा प्रश्न होय.

वृक्षाची प्रतिमा आणि चार भावंडे

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास एक प्रतिमा साहाय्य करते. नॉर्स विश्वाच्या मध्यभागी यग्द्रासिल हा महावृक्ष आहे. त्याला तीन मुळे आहेत. निडहॉग हा सर्प मूळ कुरतडतो, हरणे पालवी खातात आणि नियतीच्या देवता विहिरीचे पाणी व चिखल शिंपून त्याला जगवितात. गीतेच्या पंधराव्या अध्यायातील ऊर्ध्वमूल अश्वत्थाचा ‘ज्ञानेश्वरी’त फार विस्ताराने विचार आलेला आहे. पण तो वृक्ष असंगाच्या शस्त्राने छेदावयाचा आहे. यग्द्रासिल जपावयाचा आहे, तर संसारवृक्ष तोडावयाचा आहे. दोन संस्कृतींच्या विश्वदृष्टीतील भेद एवढ्या एका प्रतिमेत प्रकट होतो.

आळंदीत मात्र आणखी एक वृक्ष आहे. समाधीजवळचा अजानवृक्ष. त्याच्या मुळीचा वेढा ज्ञानेश्वरांच्या कंठाला बसला, त्यांनी एकनाथांना स्वप्नात दृष्टान्त दिला आणि एकनाथांनी आळंदीस येऊन ती मुळी दूर केली, अशी परंपरागत कथा आहे. या कथेत वृक्ष तोडला जात नाही. फक्त रुतणारी मुळी हलक्या हाताने सोडविली जाते. तत्त्वज्ञानातील वृक्ष छेदावयाचा होता, गावातील वृक्ष जपला गेला. मुलाला जमिनीखालच्या समाधीपर्यंत पोहोचणारी मुळी, स्वप्न आणि तीनशे वर्षांनंतर हाक ऐकून आलेला माणूस यांहून अधिक काय हवे? यग्द्रासिलवर जशा कथा रचल्या गेल्या, तशा कथेचे बीज येथे तयार आहे.

दुसरे बीज त्याहूनही समर्थ आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार भावंडे. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेली, आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्याने पोरकी झालेली आणि शुद्धिपत्रासाठी पायी पैठणला निघालेली. चमत्कार बाजूला ठेवले तरी ही मुळात मुलांची कथा आहे. जोन्सपासून रायर्डनपर्यंतच्या लेखकांना जे निराधार, बहिष्कृत मूल पुराणकथेत बाहेरून आणावे लागले, ते आळंदीच्या कथेत पहिल्यापासूनच मध्यभागी आहे. रागावून दार लावून बसलेल्या थोरल्या भावाची समजूत धाकटी बहीण घालते, तो ‘ताटी’च्या अभंगांचा प्रसंगही घरातल्या मुलांचाच आहे. आपण या चौघांना इतक्या लवकर संतपदी बसविले की ती मुले होती याचा मुलांनाच विसर पडला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, नॉर्स पुराणकथा बालकादंबरीत रुजली ती उपासना संपल्यानंतर काव्यसामग्री म्हणून जपली गेल्यामुळे. दोन, महाराष्ट्राचा या कथांशी १९०३ पासून परिचय असला तरी तो विद्वत्तेच्या पातळीवरच राहिला. बालवाचकांपर्यंत तो भाषांतरित कादंबऱ्यांमधून फार उशिरा पोहोचला. तीन, आळंदीच्या कथा कीर्तनासारख्या जिवंत संस्थेने वाहून नेल्या, त्यामुळे त्यांतील कल्पकता मौखिक राहिली. चार, श्रद्धा दुखावल्याखेरीज या कथांच्या भूमीवर नवी बालकादंबरी लिहिता येईल. त्यासाठी संतांच्या मुखी नवे चमत्कार घालण्याची गरज नाही. त्या भूमीत वावरणारे आजचे मूल नायक असले म्हणजे पुरे. चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या, परजिल्ह्यातून किंवा परप्रांतातून आलेल्या कुटुंबातील मूल इंद्रायणीच्या घाटावर उभे राहिले, की कथेला आरंभ होऊ शकतो.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९९६ मध्ये आळंदी येथे भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी ‘चौघीजणी’च्या अनुवादिका शान्ता शेळके होत्या. २०१६ मध्ये ते पिंपरी-चिंचवडला भरले. दोन्ही संमेलने ज्या पट्ट्यात झाली, तेथील मुलाला आज ओडिनच्या विश्ववृक्षाची नावनिशी पुस्तकातून मिळते. पण आपल्या बसच्या शेवटच्या थांब्यावर असलेल्या अजानवृक्षाविषयी त्याच्या वयाची कथा मिळत नाही. ही उणीव नॉर्स कथा वाचू न दिल्याने भरून निघणार नाही. महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी परिसरातील मौखिक आख्यानांचे संकलन हाती घेतले, तर उद्याच्या लेखकाला सामग्री मिळेल. स्नोरीने आपल्या तरुण कवींसाठी नेमके हेच केले होते.